शिलाई मशीनच्या खणातला ॲम्प

लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीच्या रविवारच्या वार्षिक संमेलनात बँडला गिटारवाला एकच हवा होता आणि उमेदवार दोन होते. एक वायरमन, बँडमध्ये सहा वर्षं. दुसरा मुकादमाचा मेव्हणा, बँडमध्ये दोन आठवडे. मुकादम हा गायक आणि सर्वेसर्वा. गिटारचा आवाज मोठा करणारा वायरमनचा ॲम्प मागच्या महिन्यात जळाला होता. मेव्हण्याचा ॲम्प कपाटाएवढा होता.

"शनिवारच्या तालमीला ॲम्प घेऊन ये," मुकादम म्हणाला, "नाहीतर खुळखुळा वाजव."

नवा ॲम्प दीड पगाराचा. वायरमन जुन्यासाठी दोन दुकानं फिरला. दुसऱ्या दुकानदाराने त्याचं बजेट ऐकून त्याला पाणी विचारलं.

गुरुवारी एका इमारतीतली म्हातारी लिफ्ट मोडीत निघाली. मजले पुकारणारा तिचा डबा कचऱ्यात पडला होता. त्यात छोटा ॲम्प असतोच. वायरमनने साहेबांना विचारून तो उचलला, बहिणीच्या बंद टीव्हीतला स्पीकर काढून आणला आणि बायकोच्या शिलाई मशीनच्या टेबलाला असलेला खण मागितला.

"आणि माझी बटणं?"

"डब्यात ठेव."

"तुझ्या जेवणाच्या," बायको म्हणाली, पण खण दिला.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने सगळं खणात बसवून गिटार जोडली. हळू वाजवली तर आवाज गोड. जोरात छेडली तर खणातून एक बाई अदबीने म्हणाली, "वजन मर्यादेपेक्षा जास्त आहे. कृपया थांबा."

दातात दोरा धरलेल्या बायकोने वर बघितलं. "ही कोण?"

"लिफ्टमधली."

"मग घरी कशाला आणलीस?"

वायरमनने मजल्यांच्या सगळ्या तारा तोडल्या होत्या. जास्त वजनाची सूचना देणारी एकच तार ठेवली होती, आणि गिटारचा आवाज चढला की ती जागी होत होती. ठेवली असंही नाही. तिच्याकडे हातच गेला नव्हता. कामावर पहिल्या दिवशी शिकवतात: काय हवं ते तोड, ती तार तोडायची नाही. ती तोडणाऱ्याची नोकरी त्याच संध्याकाळी जाते.

"आता तोड की. ही काय लिफ्ट आहे?"

त्याने पक्कड नेली आणि परत आणली. "नाही होत गं."

"मग हळू वाजव." बायकोने दोरा तोडला. "आणि तो मेव्हणा फारच माजला, तर जोरात वाजव."

शनिवारी कंपनीच्या गोदामात तालीम लागली. कापडाच्या दुकानात बसणारा मेव्हणा खण बघून खूश झाला. "वायरमनदादा, गाणं वाजवणार की काज-बटण करणार?"

ढोल वाजवायला बसलेला कंपनीचा वेल्डर हसला. गाणं सुरू झालं. मेव्हण्याने आपल्या कपाटाएवढ्या ॲम्पचं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. खण त्यात बुडाला.

"दाजी, ह्यांचं काही ऐकूच येत नाही!" मेव्हणा ओरडला. "जोर लावा दादा, जोर!"

वायरमनने जोर लावला.

"वजन मर्यादेपेक्षा जास्त आहे. कृपया थांबा."

मुकादमाचं तोंड अर्ध्या ओळीवर मिटलं. वेल्डरच्या काठ्या हवेत थांबल्या. खुद्द वायरमनचे हात वर गेले. बाई बोलली की असेल तिथे थांबायचं, ही तिघांची वीस वर्षांची सवय.

मेव्हण्याला ती सवय नव्हती. डोळे मिटून, मान डोलवत तो वाजवत राहिला. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याचं वाजवणं एकटं ऐकू आलं. एकच सूर होता. तोच पुन्हा, तोच पुन्हा, कधी वरून, कधी खालून, पण तोच.

वेल्डर मोजत होता. सोळाव्या वेळी मेव्हण्याने डोळे उघडले.

"थांबलात का?"

"दुसरा सूर कधी लावतोस?" मुकादमाने विचारलं.

"क्लासमध्ये अजून शिकवला नाही, दाजी. पण गर्दीत कळत नाही ना."

मुकादमाने कपाटाकडे बघितलं. घरी बायकोला काय सांगायचं ते बहुधा ठरवत असावा. मग त्याने खुळखुळा उचलून मेव्हण्याच्या हातात दिला. मेव्हणा रुसला आणि कपाटाची पिन उपटून ते घरी घेऊन निघाला. रविवारी आता खणावरच भागवायचं होतं.

"पण ती तार काढून टाक," मुकादम वायरमनला म्हणाला. "साहेबांसमोर बाई बोलली तर माझी शोभा होईल."

वायरमनने पक्कड पुढे केली. "तुम्ही वरिष्ठ. तुम्हीच तोडा."

मुकादमाने पक्कड घेतली, खणात डोकावला, तारेवर नेम धरला. वेल्डर एक पाऊल मागे सरकला.

मुकादमाने पक्कड परत दिली.

"हळू वाजव," तो म्हणाला.