प्रकरण चौदा

"पाच तारे," डोरीनने कॉम्प्युटरवरचा वाचकाचा अभिप्राय वाचून दाखवला आणि टोस्टला लोणी लावायला क्षणभर थांबली. "'शुक्रवारी हातात घेतलं, रविवारी संपलं. मधल्या काळात बायकोशी तीन वाक्यं बोललो असेन. त्यातलं एक म्हणजे, जेवण नको.'"

वॉरेन हॉगन हसला. "हा आपला माणूस. पुढचं?"

"चार तारे. 'इंधन भरणाऱ्या विमानाचं गणित चुकलंय. साठ हजार फुटांवर एवढं वजन घेऊन ते वळूच शकणार नाही.'"

"वळेल की! पंख दुमडतात ना त्याचे. पान एकशे बारा. वाचलंच नाहीये गाढवाने."

"एक तारा. 'पुस्तक आलं तेव्हा कव्हर फाटलेलं होतं.'"

"तो मला का? टपालवाल्याला द्या म्हणावं."

डोरीनने कॉम्प्युटर जरा आपल्याकडे वळवला. तशी गरज नव्हती. गेल्या दोन वर्षांत वॉरेनच्या दोन्ही डोळ्यांमधला मधला भाग गेला होता. कडेचं धूसर दिसायचं, समोरचं नाही. समोरच्या माणसाशी बोलताना तो मान वळवून भलतीकडेच बघतोय असं वाटायचं, आणि नवख्या माणसाला ते उद्धट वाटायचं. कॉम्प्युटरला मोठ्याने वाचायला लावता आलं असतं, पण कानात कोरडे, कसलाच चढउतार नसलेले आवाज त्याने नोकरीत पुष्कळ ऐकले होते. घरात त्याला डोरीनचाच आवाज हवा असायचा.

"दोन तारे," ती म्हणाली. "'लेखकाला यंत्रं कळतात. माणसं कळत नाहीत.'"

"एवढंच?"

"एवढंच."

एवढंच नव्हतं. पुढे लिहिलं होतं : 'प्रकरण चौदा सोडून. ते एक प्रकरण वाचताना मी दोनदा पुस्तक खाली ठेवलं.' डोरीनने लोणी पार कडेपर्यंत पसरवलं आणि टोस्ट त्याच्या उजव्या हाताला, त्याला दिसेल असा ठेवला.

'सातवा थवा' ही कादंबरी वॉरेनने आदल्या हिवाळ्यात सांगितली आणि डोरीनने टाइप केली. गॅरेजमध्ये येरझाऱ्या घालत तो बोलायचा आणि ती कपडे वाळवायच्या मशीनवर कॉम्प्युटर ठेवून लिहून घ्यायची. साल दोन हजार एकसष्ट. वैमानिक नसलेली चारशे लढाऊ विमानं, पाखरांच्या थव्यासारखी एकमेकांचा अंदाज घेत प्रशांत महासागरावर झुंजताहेत, आणि त्यांचा म्होरक्या मेजर कोल हजारो मैलांवर नेवाडाच्या वाळवंटात, बिनखिडकीच्या लोखंडी खोलीत बसून ती लढाई लढतोय. ती खोली वॉरेनला नीट माहीत होती. हवाई दलाच्या नोकरीतली शेवटची चार वर्षं त्याने तशाच एका खोलीत काढली होती. विमानं तेव्हा थव्याने उडत नव्हती, एकेकटी उडायची, एवढाच फरक. पाळी संपली की पन्नास मैल गाडी चालवून तो लास वेगासच्या वायव्येकडच्या या घरी यायचा.

प्रकरण चौदाला त्याने आठ ओळी सांगितल्या होत्या. मेजर कोल लढाईतली एक पाळी संपवून घरी येतो. बायको दार उघडते. तो तिचं चुंबन घेतो, मांसाचा जाडजूड तुकडा खातो आणि दगडासारखा झोपतो. "बस," वॉरेन म्हणाला होता, "वाचकाला जरा दम खाऊ द्यायचा, दुसरं काय."

डोरीनने त्या आठ ओळी टाइप केल्या. तीन दिवस ती रोज उघडून त्या वाचत होती. चौथ्या दिवशी वॉरेनची बहीण त्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा तिने त्या ओळी पुसल्या आणि नऊ पानं लिहिली. जन्मात वाणसामानाच्या यादीपलीकडे काही न लिहिलेल्या बाईने तीन तासांत नऊ पानं. नंतर सगळं पुस्तक एकदा वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा प्रकरण चौदा आल्यावर तिने आठवणीतल्या आठ ओळी म्हटल्या आणि पान उलटलं. एवढीशी छपाई, ओळखीपाळखीतले पन्नास-साठ लोक घेतील, कोण कशाला विचारतंय, असं तिने धरलं होतं. पुस्तक चार हजार प्रतींच्या वर खपलं.

"शनिवारी लायब्ररीत किती लोक येतील ग?" वॉरेनने विचारलं.

"वाचक मंडळात बारा जण आहेत म्हणे."

"बारा जणांनी बारा चुका काढल्या तरी पुरे. गस पेत्राकिस एकटाच तीस काढेल."

डोरीनने बशा गोळा केल्या. जाऊ नये म्हणून काय सांगता येईल, याचा विचार ती बुधवारपासून करत होती. सांगण्यासारखं काही सापडलं नव्हतं.

शनिवारी सकाळी अकराला लायब्ररीच्या मागच्या खोलीत खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. बहुतेक चेहरे हवाई तळावरच्या जुन्या लोकांचे होते, निवृत्त झालेले, टोप्यांवर आपापल्या पथकांची नावं मिरवणारे. गस पेत्राकिस इंजिनांचा मेकॅनिक होता. त्याच्या पुस्तकाच्या तिन्ही कडांनी पिवळ्या चिठ्ठ्या बाहेर लोंबत होत्या.

"कर्नल, आधी चांगलं बोलतो," गस म्हणाला. "एकशे चाळीस पानांपर्यंत मी तुमच्याशी भांडलो नाही. हे माझ्या बाबतीत काय आहे ते माझ्या बायकोला विचारा."

"भांडतोच तो," त्याच्या शेजारची बाई म्हणाली. "नळ गळला तरी नळाशी भांडतो."

हशा पिकला. मग अर्धा तास खडाजंगी झाली. थवा स्वतःच निशाणा ठरवू लागला तर माणसाचं काम काय उरतं. एका विमानाचा संपर्क तुटला तर बाकीची त्याला सोडून देतील की सांभाळून घेतील. एवढ्या उंचीवर ते इंजिन पेट घेईल का. वॉरेन रंगात आला होता. मान तिरकी धरून, एकेकाला नजरेच्या कडेत आणून उत्तरं देत होता. डोरीन त्याच्या डाव्या बाजूला बसली होती. ती हळूहळू खुर्चीत टेकून बसली.

"आता वाईट बोलतो," गसने एक चिठ्ठी उपटली. "प्रकरण चौदा. भर लढाई चाललीय, आणि नऊ पानं एक माणूस गाडीत बसून राहतो! काही करत नाही. नुसता बसतो. मला वाटलं, दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाची पानं शिवली गेली यात."

"कुठल्या गाडीत?" वॉरेन म्हणाला.

गस गोंधळला. "अहो, तुमचा मेजर. घरी येतो ते प्रकरण."

"तिथे तो जेवतो आणि झोपतो."

खोलीत दोघातिघांनी पानं चाळली. डोरीनने मांडीवरच्या पर्सचा बंद घट्ट धरला.

"मी त्याच प्रकरणासाठी आले," दाराजवळून आवाज आला. तिशी-पस्तिशीची एक बाई उशिरा येऊन शेवटच्या खुर्चीवर बसली होती. अंगात दातांच्या दवाखान्यातला निळा सदरा. "शेल्बी आर्मिहो. मी सहा वर्षं कॅमेरा सांभाळायचे, सर. तुमच्यासारख्याच खोलीत, पायलटच्या उजवीकडच्या खुर्चीवर. विमानांचं मला फारसं काही विचारायचं नाही. एक तुकडा वाचू?"

कोणी नको म्हणालं नाही. ती सरळ, घाई न करता वाचू लागली.

"'इंजिन बंद झालं, पण दार उघडलं नाही. काचा वर होत्या आणि बाहेर एकशे आठ अंश फॅरनहाइटचं ऊन होतं. गाडी घरासमोर नव्हती. शेजाऱ्याच्या भिंतीआड, वळणावर उभी होती. कपडे धुण्याच्या खोलीतल्या चिंचोळ्या खिडकीतून तेवढी दिसायची. त्याची बायको तिथे उभी राहून मनाशी म्हणायची, आणखी पाच मिनिटं, मग मी जाईन. पाच मिनिटं झाली की पुन्हा पाच. त्याच्या शेजारी गाडीत कोणीतरी बसलंय, ते उतरून गेल्याशिवाय त्याला उतरता येत नाही, असं तिला वाटायचं. आपण काचेवर टकटक केली तर ते त्याच्याबरोबर घरात येईल, याची तिला भीती होती.'"

शेल्बीने पुस्तक मिटलं. "मी हे करायचे. दुकानाच्या पार्किंगमध्ये. आईला सांगायचे की गर्दी होती. मला वाटायचं, हे फक्त माझंच आहे. तुम्हीपण बसायचात का, सर?"

वॉरेनने मान वळवायला सुरुवात केली. शेल्बीकडे नाही. तो चेहरा इतका फिरवत गेला की शेवटी खिडकीकडे तोंड करून बसल्यासारखा दिसला, आणि त्याच्या नजरेच्या कडेत डोरीन आली.

"हो," तो म्हणाला. "बसायचो."

गसने हातातली चिठ्ठी परत पानाला चिकटवायचा प्रयत्न केला. ती चिकटली नाही.

"पण हे मी लिहिलेलं नाही," वॉरेन म्हणाला. "मला लिहिता आलंच नसतं. मला वाटायचं, त्या वळणावर मी कोणालाच दिसत नाही."

परतताना गाडी डोरीनच चालवत होती. दोन सिग्नल गेले. तिसऱ्या सिग्नलला ती घराच्या रस्त्याला न वळता डावीकडे वळली आणि पॅनकेक मिळतात त्या हॉटेलसमोर थांबली. आतमध्ये थंड होतं. कडेच्या बाकावर तिने त्याला बसवलं आणि चेरीचं सारण भरलेल्या 'पाय'चे दोन तुकडे सांगितले.

"किती वेळ उभी राहायचीस?" वॉरेनने विचारलं.

"तू बसायचास तेवढा वेळ. चाळीस मिनिटं धर. जुलैत एकदा तास होऊन गेला. त्या दिवशी मी पाण्याची बाटली घेऊन शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत आले होते."

"मग?"

"तुझे हात स्टिअरिंगवर होते. गाडी चालत असल्यासारखे. परत फिरले."

काट्याने त्याने 'पाय'च्या तुकड्याची कड चाचपली, पण घास मोडला नाही.

"मला न सांगता छापलंस."

"हो."

"मी सांगितलेलं पुसलंस."

"हो. ते खोटं होतं, वॉरेन. चारशे विमानांचं सगळं खरं वाटत होतं आणि त्या आठ ओळी तेवढ्या खोट्या. मला त्या टाइप करून पुढे जाता येईना." ती थांबली. "पहिलं वर्षभर मला वाटत होतं, तुझं बाहेर काहीतरी आहे. कोणीतरी बाई. तिचा वास जाईपर्यंत बसतोस."

वॉरेनच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज निघाला.

"बाई नव्हती ग," तो म्हणाला. "माणूस होता. सायकलवाला. पाव विकायचा."

डोरीनने काटा खाली ठेवला.

"एकोणीस दिवस माझ्या विमानाचा कॅमेरा त्याच्यावर होता. तो काही आमचं लक्ष्य नव्हता, आम्हाला हवा असलेला माणूस त्याच्या गल्लीत राहायचा, इतकंच. पण गल्ली बघायची म्हणजे तोही दिसणारच. सकाळी निघायचा, टोपली मागे बांधायचा. वीस हजार फुटांवरून टोपली कळते. दुपारी यायचा तेव्हा एक लहान मुलगी दारात येऊन उभी असायची. सायकलवर बसवून त्याच गल्लीत दोन फेऱ्या. रोज दोनच. तिसरी मागायची बहुतेक, कारण उतरायला वेळ लावायची."

"आणि मग?"

वेट्रेस कॉफीचं भांडं घेऊन आली. "घालू का थोडी, राजा?" तिने विचारलं. वॉरेनने कपावर पालथा पंजा ठेवला. ती गेली.

"विसाव्या दिवशी माझी सुट्टी होती," तो म्हणाला. "तुझ्या बहिणीकडे गेलो होतो आपण. अंगणात मक्याची कणसं भाजली होती, आठवतं? मी तीन खाल्ली."

डोरीनला आठवत होतं. त्या दिवशीचा त्याचा एक फोटोही होता, मिशीला मक्याचा दाणा चिकटलेला. जिन्यात लावला होता तिने तो.

"एकविसाव्या दिवशी जाऊन बसलो तर गल्लीची ती बाजूच नव्हती. कोणी काही बोललं नाही. मी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे खोलीतल्या सगळ्यांसमोर विचारायचं. पाळी संपवली आणि निघालो." त्याने पंजा कपावरून काढला, तळहाताकडे बघायला मान तिरकी केली. "ते दोघं त्या वेळी घरी होते की बाहेर, मला माहीत नाही. क्षेपणास्त्र पडलं तेव्हा दुपारची वेळ होती, एवढं नंतर कळलं. दुपारचे तीन किंवा चार. तीनला तो यायचा. चारपर्यंत फेऱ्या व्हायच्या आणि मग तो परत निघायचा. रोज गाडीत बसून मी तेच करायचो. वेळ जुळवून बघायचो."

डोरीनने विचारलं, "त्याचं नाव काय होतं?"

"वरून नाव कसं दिसणार, डोरीन?"

तिने मान हलवली. ते त्याला दिसलं की नाही, कोण जाणे. हॉटेलातली जेवायची गर्दी सुरू झाली होती, दाराशी माणसं जागेसाठी उभी होती आणि वेट्रेस त्यांच्या टेबलाकडे पुन्हापुन्हा बघत होती. डोरीनने हात वर करून तिला बोलावलं.

"आम्हाला वेळ लागेल," ती म्हणाली. "कॉफी घाल."