कागदाचा कंट्रोलर

शाम शुई पोच्या बाजारात मोक उस्तादाइतका थापाड्या माणूस झाला नाही, आणि त्याच्याइतकी सुबक कागदी वस्तू करणाराही झाला नाही. दोन्ही कामं तो एकाच स्टुलावर बसून, एकाच वेळी करी. बोटं बांबूच्या कामट्या वाकवत आणि जीभ बाकीचं सगळं वाकवी. मेलेल्यांसाठी जाळून तिकडं पाठवायच्या कागदी वस्तूंचं त्याचं दुकान होतं: बंगले, मोटारी, चाकरमाणसं, चष्मे, दातांच्या कवळ्या. त्यानं केलेल्या एका कागदी घोड्यानं भट्टीत जायच्या आधी लीद टाकली होती, असं तो शपथेवर सांगे. एका म्हाताऱ्या खलाशासाठी केलेलं जहाज पेटवलं तर भट्टीतून खारं पाणी बाहेर आलं आणि जमलेल्यांचे जोडे भिजले, असंही सांगे. कुणी म्हटलं, दाखवा ते जोडे, तर म्हणे, वाळले.

गिऱ्हाईकं रडत येत आणि जाताना निदान नाक पुसून जात. या थापांनी कुणाचं काही बिघडल्याचं त्याला चौऱ्याहत्तर वर्षांत आठवत नव्हतं.

कुएनताई आली तेव्हा तो एका कागदी कुत्र्याला शेपूट चिकटवत होता. ही शाळांच्या डब्यांच्या स्वयंपाकघरात भांडी घासणारी बाई. महिन्यापूर्वी तिचा मुलगा वाय-लोक गेला होता, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. चोवीस वर्षांचा, लिफ्ट दुरुस्त करणारा. लिफ्टच्या पोकळीत अठराव्या मजल्यावरून पडला.

"उस्ताद, गेम खेळायचा कंट्रोलर करता?"

"करतो की. काळा की पांढरा?"

"तसं नाही," ती म्हणाली आणि पिशवीतून वही काढून समोर बसली.

तीन दिवस ती गेमच्या दुकानांतून फिरत होती. सुट्टी टाकून. प्रत्येक गाळ्यावरच्या पोरानं जे सांगितलं ते तिनं वहीत उतरवलं होतं, कळलं ते आणि न कळलं तेही.

"एक ह्या मशीनला लागतो, त्याला लागत नाही. एक फोनला लागतो, मशीनला नाही. एक ब्लूटूथवर चालतो, एकाला खुंटी खुपसावी लागते. त्याला सगळ्याला लागणारा हवा होता, वायर नसलेला. वर्षभर म्हणत होता. मी वाढदिवसाला एक आणला. स्वस्तातला. तो त्याच्या मशीनला लागलाच नाही."

"मग? काय म्हणाला?"

"छान आहे म्हणाला. खोक्यात परत ठेवला आणि पाठ करून बसला." तिनं वही मिटली. "आमची खोली एवढीशी. टीव्ही पलंगाच्या पायथ्याशी. मी जेवायची त्याच्या पाठीकडे बघत. सहा-सात वर्षं. तोंड डोळ्यांसमोर आणायला गेले तर पाठच येते."

मोकनं कुत्रा बाजूला ठेवला.

मरणानंतर एकोणपन्नासाव्या दिवशी शेवटची पूजा होती. तोवर जे पाठवाल ते त्या जिवाबरोबर जातं. पुढे त्याचा मुक्काम कुठे हलतो ते तिकडच्या कचेरीला ठाऊक. म्हणजे एकोणीस दिवस हातात होते आणि कंट्रोलर एकदाच पाठवता येणार होता. दुसऱ्यांदा चुकायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

"अंगठ्यानं फिरवायच्या दांड्या चुंबकाच्या घाला," ती वही बघून म्हणाली. "साध्या दांड्या झिजतात म्हणे. मग आपण हात लावला नाही तरी पडद्यावरचं बाहुलं आपलं एका बाजूला चालत सुटतं."

"माझा मेहुणा असाच आहे. चुंबकाच्या घालतो. पुढं?"

"मागच्या अंगाला दोन बटणं जास्तीची. चार्जिंग वीस तास पुरणारं. तिकडे वीज असते का हो?"

"गेल्याच साली एका हॉटेलवाल्याला जनित्र पाठवलंय. आख्खी आळी त्यावर चालते. वीस तास कशाला, चाळीस घेऊ."

"आणि थरथर," ती वाचत गेली. "गाडी उंचावरून आपटली की हातात थरथर होते, अगदी खरं वाटतं, असं तो पोरगा म्हणाला." तिनं मोककडून पेन्सिल घेतली आणि त्या ओळीवर इतक्यांदा रेघ ओढली की कागद फाटला. "थरथर नको. ते काढा."

"काढलं."

तिचं तोंड बघून मोकच्या जिभेला राहवेना. कुणी असं गप्प बसलं की त्याला गोष्ट सुचायचीच. दुसऱ्याला शिंक यावी तशी.

"ताई, वायरलेस तुम्ही बरा निवडलात," तो म्हणाला. "पेई हो गल्लीत एक सापाचं सूप विकणारा होता. फुटबॉलवेडा. मेल्यावर बायकोनं माझ्याकडून असाच बिनतारी कंट्रोलर करून जाळला. आणि चार दिवसांनी तिच्याच इमारतीत वर सहाव्या मजल्यावर, माशाच्या गोळ्या विकणाऱ्याच्या घरी, टीव्हीतला फुटबॉलवाला आपोआप पळायला लागला. घरातल्यांचे हात मांडीवर, आणि हा पळतोय. पास देणार तो फक्त डाव्या पायानं. सूपवाला डावखुरा, डाव्या पायाचा. अकरा सामने जिंकला. शेवटी त्या लोकांनी टीव्हीपुढं भाजलेलं बदक ठेवायला सुरुवात केली."

कुएनताई हसली नाही. तिनं विचारलं, "त्याच टीव्हीला का लागला?"

"तिकडं मशीनच पाठवलं नव्हतं ना बायकोनं. नुसता कंट्रोलर. बिनतारी वस्तूला काहीतरी धरायला लागतंच. जवळ जे सापडेल ते धरते."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. मोकला बरं वाटलं. त्याचं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं.

"मग मशीन कुठलं करू?"

"मशीन नको."

"अहो, नुसता कंट्रोलर घेऊन काय करील तो? पैशाचं बघू नका, मशीन माझ्याकडून."

"नको म्हटलं ना उस्ताद. नुसता कंट्रोलर."

बाई अडून बसली. दुःखातली माणसं कशावरही अडून बसतात, हे मोकनं खूप पाहिलं होतं; त्यानं जास्त ताणलं नाही.

कंट्रोलर मात्र त्यानं असा केला की खऱ्यानं लाजावं. गेमच्या दुकानात जाऊन त्यानं खरा हातात घेऊन पाहिला आणि पोरांनी 'आजोबा, घ्यायचा असेल तर घ्या' म्हणेपर्यंत सोडला नाही. सोळा बटणं, प्रत्येकाखाली कागदाची घडी घातलेली, दाबलं की दबून वर येणारी. आत चुंबकाच्या जागी काळ्या कागदाच्या चकत्या. थरथरीची मोटार जिथं असते ती जागा त्यानं रिकामी ठेवली आणि ती दिसू नये म्हणून वरून पांढरा कागद लावला.

एकोणपन्नासाव्या दिवशी दुपारी मोक स्वतः माल घेऊन देवळाच्या अंगणात गेला. माणसं मोजकीच. कुएनताई, वाय-लोकचे कामावरचे दोन मित्र, आणि त्याची फुंगआत्या. वाय-लोकचा बाप सीमेपलीकडे दुसरं घर करून राहिला होता, पण त्याच्या बहिणीनं येणं-जाणं सोडलं नव्हतं. पुरोहितानं पिवळा कागद धरून पाठवायच्या वस्तूंची यादी म्हणायला घेतली. घर एक. बूट दोन जोड. फोन एक. कंट्रोलर एक, बिनतारी, सर्व यंत्रांस चालणारा.

"आणि मशीन?" फुंगआत्यानं विचारलं.

"आहे," कुएनताई म्हणाली. "घरी."

"घरी? अगं वहिनी, तो तिकडं गेलाय. घरी असून काय करायचंय?"

कुएनताईनं घर भट्टीत सरकवलं. घर पेटलं, बूट पेटले. कंट्रोलर तिनं स्वतः दोन्ही हातांनी आत ठेवला. आधी कडा लाल झाल्या, मग सोळाही बटणं एकदम खाली बसली. तेवढ्यात आत्यानं पिशवीतून एक कागदी मशीन काढलं. बाजारातलं, छापील खोक्याचं, पण वर पोराचं नाव, जन्मतारीख सगळं नीट लिहिलेलं. "नुसता कंट्रोलर जाणार हे ऐकलं होतं, माझ्या मनाला पटलंच नाही," ती म्हणाली. "म्हणून मीच आणलं." आणि तिनं ते आत टाकलं.

कुएनताईनं भट्टीत कोपरापर्यंत हात घातला.

कुणाला कळायच्या आत तिनं ते जळतं खोकं बाहेर ओढलं आणि पायानं विझवलं. अर्धं काळं होऊन गेलं होतं. बाहीला धूर येत होता. पुरोहिताची घंटा थांबली.

"वहिनी, तू माणसात आहेस का?" आत्या ओरडली. "पोराच्या तोंडचा घास काढतेस? आता अर्धंच पोचलं त्याला. मोडकं. मोडकं मशीन घेऊन बसेल तो तिथं."

"तिथं मशीन मिळालं तर माझ्या मशीनला तो कशाला जोडेल?" कुएनताई म्हणाली. "मी घरी टीव्ही लावून आलेय. एकदाच बघायचंय मला, कसा खेळतो ते. पाठच बघितली मी. खेळणं बघितलंच नाही कधी." मग तिनं मोककडे बोट केलं. "उस्तादांनीच सांगितलंय. जवळ जे सापडेल ते धरते."

सगळ्यांनी मोककडे पाहिलं. तो भट्टीकडे बघायला लागला. आत्या तिच्या हातातून खोकं ओढत होती, ती सोडत नव्हती, आणि पुरोहितानं मुहूर्त टळू नये म्हणून उरलेली यादी भराभर म्हणून टाकली.

त्यानंतर मोकला तिची खबर कोपऱ्यावरच्या नूडल्सवाल्याकडून कळे. बाई कामावर जात नाही. रोज दोन वाट्या नेते आणि एक तशीच परत आणून कचऱ्यात टाकते. दारातून टीव्हीचा निळा उजेड दिसतो, पडद्यावर एकच ओळ: कंट्रोलर जोडा.

मोकनं त्या दिवसांत कुणाला गोष्ट सांगितली नाही. गिऱ्हाईकं रडत आली आणि रडत गेली.

नवव्या दिवशी सकाळी ती दुकानात आली. उजव्या हाताला कोपरापर्यंत मळकी पट्टी.

"एक विचारते. खरं सांगा. ती माशाच्या गोळ्यांवाल्याची गोष्ट खरी आहे का?"

मोक कामट्यांकडे बघत राहिला. खरी म्हणावं, तर ही त्या निळ्या उजेडात बसून राहील, महिनाभर, वर्षभर, आणि दोन वाट्या नेत राहील. खोटी म्हणावं, तर हिनं हात जाळून घेतला तो पोराचं मशीन काढून घ्यायला, आणि तेही एका म्हाताऱ्याच्या थापेपायी. तेवढं कळल्यावर ही त्याच अठराव्या मजल्याच्या लिफ्टजवळ जाणार नाही असं त्याला काही छातीठोकपणे म्हणता येईना.

"खरी आहे," तो म्हणाला. "पण तुमच्याकडं तो यायचा नाही."

"का?"

"पूजेच्या दिवशी सकाळीच मी मशीन जाळलं. माझ्या हातानं, मागच्या गल्लीत. त्या सूपवाल्याच्या प्रकारापासून मशीनशिवाय कंट्रोलर या दुकानातून जातच नाही. तशी रीतच घातलीय."

"मला बोलला नाहीत."

"तुम्ही नको म्हणून बसलात. वाद कोण घालणार?"

ती समोर बसली. "कसलं होतं?"

"पांढरं. उभं राहणारं. आवाज न करणारं."

"टीव्ही?"

"तुमच्या भिंतीएवढा. सगळा माल एकदम पाठवला, टीव्हीसकट."

"बसायला? तो पलंगावर वाकून बसायचा. पाठ दुखायची."

"खुर्ची दिली. गादीची, डोक्याला टेकण असलेली. फिरणारी."

"फिरणारी," ती म्हणाली. मग बोटांनी पट्टीची सुटलेली कड आत खोचत राहिली. "म्हणजे त्याच्याकडं सगळं आहे."

"आहे."

"मग माझ्याकडं कशाला येईल."

"नाही यायचा, ताई. टीव्ही बंद करा. नऊ दिवस चालू आहे तो."

"शपथ घ्या."

कागदी घोड्याच्या लिदीची शपथ मोकनं हजारदा घेतली असेल. ही एक घेताना त्याला पाणी प्यावं लागलं. पण घेतली. बाई उठली, दारात जरा थबकली, आणि टीव्ही बंद करायला निघून गेली. रडली की नाही ते मोकला दिसलं नाही. त्यालाही तिची पाठच दिसली.

त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि बांबू काढले. आजवर जिभेनं वाटेल ते सांगून टाकावं आणि हातांनी त्याची पर्वा करू नये, असा त्याचा शिरस्ता. आता जे जे सांगून बसला ते ते करणं आलं. पांढरं, उभं राहणारं. भिंतीएवढा टीव्ही, तो दुकानात मावेना म्हणून घडीचा करावा लागला. खुर्चीनं दोन दिवस खाल्ले. कागदाची खुर्ची फिरत नाही; फिरवली की मान मोडते. तीन मोडल्या. चौथी, हलक्या हातानं फिरवली तर, अर्धा फेरा घेऊन थांबायची.

चौथ्या दिवशी दुपारी त्यानं सगळं मागच्या गल्लीत पत्र्याच्या पिंपात रचलं. पिवळ्या कागदावर नाव लिहिलं, ताम वाय-लोक, जन्मतारीख लिहिली. पाठवल्याच्या तारखेपाशी हात थांबला. मग त्यानं एकोणपन्नासाव्या दिवसाचीच तारीख घातली आणि काडी ओढली.

शेजारचा कुलूपवाला याऊ हात पुसत बाहेर आला. चाळीस वर्षांचा शेजार. मोकच्या थापा त्याला पाठ होत्या.

"एवढा थाट कुणाचा, उस्ताद?" त्यानं कागदावरचं नाव वाचलं. "कुएनताईचा मुलगा? त्याचे दिवस होऊन गेले ना?"

"मागची तारीख घातलीय."

"चालतं तसं?"

वारा गल्लीत शिरत होता. ठिणग्या उडून पलीकडच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जात होत्या आणि खुर्ची अजून पेटायची होती.

"माहीत नाही," मोक म्हणाला.

चाळीस वर्षांत याऊनं हे शब्द या तोंडून ऐकले नव्हते. त्यानं दुकानातून पत्रा आणला आणि वारा लागू नये म्हणून पिंपाच्या बाजूला धरून उभा राहिला.