मेलेल्याची जात

आनंदा शिंपी ब्रह्मदेशच्या लढाईवरून हुबळीला परतला तो सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात. दाजीबानपेठेत त्याचं घर. घरी आई शेवंताबाई आणि लग्नाची बहीण वत्सला. पहिले आठ दिवस पेठेतली माणसं येत होती. "किती मारलेस रे?" असं कौतुकानं विचारत होती. गोळीबारात किती पडले ते आनंदाला ठाऊक नव्हतं. एकच पक्का ठाऊक होता, आणि त्याच्याबद्दल तो कुणाशी बोलला नव्हता.

नवव्या दिवशी तो पेठेतल्या प्रभंजनाचार्यांकडं गेला. पलटणीत भरती होताना त्यांनीच त्याच्या डोक्यावर अक्षता टाकल्या होत्या आणि रणात मारण्याचं पाप लागत नाही असं सांगितलं होतं.

"आचार्य, त्यानं बंदूक टाकली होती," आनंदा म्हणाला. "गुडघे टेकून, हात जोडून बसला होता. आमच्याजवळ कैदी राखायला माणसं नव्हती. सुभेदार म्हणाले, उरक. गोळ्या कमी होत्या, म्हणून मी संगीन घातली. दोनदा घालावी लागली."

आचार्य म्हणाले, "शरण आलेल्याला मारणं युद्धात बसत नाही. ही हत्या आहे. प्रायश्चित्त घ्यावं लागेल."

आनंदाला रडू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्या गोष्टीला तिचं नाव दिलं होतं.

आचार्यांनी पोथी उघडली. "मेलेल्याची जात?"

"जपानी होता."

"वर्ण विचारतोय. प्रायश्चित्त त्यावर ठरतं. ब्राह्मण असेल तर बारा वर्षं गावाबाहेर झोपडीत राहून भिक्षा मागायची. पुढं कमी कमी होत जातं."

"त्याला जात नव्हती, आचार्य."

आचार्यांचं बोट पानावरून खाली खाली सरकत गेलं. "मग मुंगूस, बेडूक, कुत्रं यांच्यात धरू. तीन दिवस नुसत्या दुधावर राहा. चौथ्या दिवशी तू शुद्ध."

घरी त्यानं सगळं सांगितलं. तीन दिवसांत सुटका म्हटल्यावर शेवंताबाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्यांनी दुधात साखर घालून पेला आनंदापुढं ठेवला. तो पेल्याकडं बघत बसला. दुपारी उठून तो पुन्हा आचार्यांकडं गेला.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "जपानी नव्हता. आझाद हिंद फौजेतला होता. गळ्यात जानवं होतं."

खोटं तो आता बोलत होता. त्या माणसाला बेडकाच्या ओळीत बसवलेलं त्याला सहन झालं नव्हतं.

"ब्रह्महत्या!" म्हणत आचार्यांनी पाय आखडून घेतले. संध्याकाळपर्यंत पेठभर झालं. शेवंताबाईंनी मुलाचं ताट-तांब्या उकिरड्यावर फेकलं आणि दार लावून घेतलं. उणकल तळ्याच्या काठी झोपडी बांधून आनंदा भीक मागू लागला. त्याच महिन्यात धारवाडच्या मास्तरांनी वत्सलेशी ठरलेलं लग्न मोडलं.

चौथ्या महिन्यात वत्सला तळ्यावर आली.

"अण्णा, माझी शपथ घालते. जानवं होतं?"

"नव्हतं."

"मग होतं असं का सांगितलंस?"

"त्याला बेडूक म्हणाले, वत्सी. मरताना तो एकच शब्द परत परत म्हणत होता. आईलाच हाक मारत असणार."

"आणि माझं रे? मी जिवंत आहे ना?"

दुसऱ्या दिवशी आनंदानं आचार्यांच्या अंगणात उभं राहून खरं सांगितलं. आचार्य बाहेरही आले नाहीत. आतूनच म्हणाले, "चार महिन्यांत भिक्षेचा कंटाळा आला होय? ब्रह्महत्या केलीस ती केलीस, वर आता हे." मग तो आईच्या दारात गेला. शेवंताबाई म्हणाल्या, "खरं असो, खोटं असो. आता कोण ऐकणार?"

माघात वत्सलेला गदगच्या एका बिजवराला दिली. नवरा पन्नाशीचा, पहिलीची तीन मुलं. वरातीची बैलगाडी गदगच्या रस्त्याला लागली तेव्हा आनंदा कडेला उभा होता. वत्सलेनं त्याला लांबूनच ओळखलं. तो पुढं सरकला तसा गाडीवानानं कासरा ओढला.

"थांबू नका," वत्सला म्हणाली.