सीटवर कोणी नाही

मी बोलतोय सीटखालून. गवत कापायच्या गाडीच्या सीटखाली काडेपेटीएवढा काळा स्विच असतो, तो मी. माझ्याकडे आजवर कुणी धड पाहिलेलं नाही, कारण माझ्याकडे लोक येतात तेच मुळी पाठमोरे.

माझं काम एका शब्दाचं. सीटवर वजन पडलं की माझी स्प्रिंग दबते आणि मी इंजिनाला सांगतो, "आहे." वजन उठलं की सांगतो, "नाही," आणि इंजिन बंद. गाडीच्या पोटाखाली पाती फिरत असतात. चालवणारा पडला तर त्याच्याच अंगावर जायला गाडी मागेपुढे पाहत नाही. कारखान्यात मला साठ किलोवर लावून दिलं. साठच्या खाली माझ्या लेखी माणूस नाही, सामान आहे.

बावीस वर्षं या कॉलेजच्या मैदानावर माझ्यावर एकच माणूस बसला. सगळे त्यांना काका म्हणतात. वजन त्र्याहत्तर, बसताना "चला" म्हणायची सवय, वळणावर डावीकडे कलायची खोड. घरी काकूंशी वाजलं असेल तर दाणकन बसत, मला लगेच कळे.

मग डॉक्टरांनी काकांना साखर असल्याचं सांगितलं, आणि काकूंनी ते फारच मनावर घेतलं. डब्यात उकडलेल्या भाज्या येऊ लागल्या. काका माझ्यावर रोज थोडे थोडे कमी बसू लागले. मला समजत होतं, पण "काका, वाळताय" असं म्हणायची सोय कारखान्याने ठेवलेली नाही.

गेल्या सोमवारी ते एकोणसाठ झाले. "चला" म्हणाले, किल्ली फिरवली. इंजिन घुर्रघुर्र करून गप्प. मी नियमाप्रमाणे म्हटलं होतं, "नाही."

मिस्त्रींना बोलावलं. देह असा की दारातून आडवं होऊन यावं. त्यांनी प्लग काढला, काकांना सीटवर बसवून किल्ली फिरवायला लावली आणि प्लग इंजिनाला टेकवून पाहिला. ठिणगी नाही. प्लग बदलला, तरी नाही. कॉइल बदलली आणि या वेळी स्वतः बसले. गाडी पहिल्या फटक्यात सुरू. "कॉइलच गेली होती," म्हणाले आणि चहा पिऊन निघून गेले. काका बसले. घुर्र. गप्प.

मंगळवारी फ्यूज बदलून झाला. बुधवारी बॅटरीच्या वायरी आणि किल्लीचा स्विच. दर वेळी मिस्त्री बसले की गाडी चालू, काका बसले की बंद. शेवटी मिस्त्रींनी इंजिन सोडलं आणि ते काकांना तपासू लागले. चपला काढायला लावल्या. आपली टोपी त्यांच्या डोक्यावर घातली. टेस्टर त्यांच्या कोपराला लावून पाहिला.

"काका, राग मानू नका," ते म्हणाले. "गाडी ठणठणीत आहे. फॉल्ट तुमच्यात आहे."

खेळाचे सर बघायला आले. ते बसले, तर गाडी सुरू. "काका, शनिवारी सामने आहेत," ते म्हणाले. "तोवर गवत कापून झालं नाही तर प्राचार्य हे काम कायमचं बाहेरच्या कंपनीला देणार आहेत. मग माझ्या हातात काही नाही."

सगळे गेल्यावर काका नुसतेच येऊन बसले. किल्लीला हातही लावला नाही. "बावीस वर्षं," म्हणाले. "आणि आता मी बसलोय हेसुद्धा तुला कळेना?" मला कळत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवारी काकू डबा घेऊन आल्या. मिस्त्रींनी त्यांच्यापुढे सगळं गाऱ्हाणं मांडलं.

"तुमचं वजन किती?" काकूंनी विचारलं.

"शहाण्णव."

"सरांचं असेल ऐंशी. यांचं एकोणसाठ आहे. चौदा किलो उतरवलेत मी," काकू अभिमानाने म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांच्याच लक्षात आलं.

मिस्त्रींनी सीट उचलली. माझ्याकडे कोणी तोंड करून येण्याची ही पहिलीच वेळ.

"हा होय चोर. दोन वायरी जोडून टाकतो, याचं तोंडच बंद."

"नको," काका म्हणाले. "मी पडलो तर थांब म्हणून कोण सांगणार?"

"मग हलक्या माणसाचा मागवू. दहा दिवस लागतील. तोवर सीटवर एक दगड ठेवा."

"मी पडलो तर दगड पडेल का माझ्याबरोबर?"

काका खेळाच्या खोलीत गेले आणि गोळाफेकीचे सात-सात किलोचे दोन गोळे घेऊन आले. डब्याच्या पिशवीत घालून ते पोटाला बांधले. "पाच महिन्यांच्या मेहनतीवर पाणी," काकू पुटपुटल्या, पण गाठ त्यांनीच मारली.

"चला," काका म्हणाले. मी "आहे" म्हटलं. इतकं मनापासून कधीच म्हटलं नव्हतं.

अर्धं मैदान झालं. गोलच्या खांबापाशी गवतात टिटवीची अंडी दिसली म्हणून काका वाकून बघायला गेले. पिशवी गोळ्यांसकट एका अंगाला घसरली आणि तिच्यामागून काका. सीट रिकामी झाली.

"नाही," मी म्हटलं.

इंजिन बंद. पाती दोन वेढे घेऊन थांबली. काकांचा पाय तिथून वीतभर लांब होता.

काकू धावत आल्या. त्यांच्यामागून सर आले आणि म्हणाले, "गोळ्यांना काही झालं नाही ना? शनिवारी लागणार आहेत." काका पोटावर चौदा किलो घेऊन उताणे पडले होते, उठता येत नव्हतं, आणि ते हसत सुटले. मग पडल्या पडल्याच हात वर करून त्यांनी सीटवर थोपटलं. "बरोबर बोललास," म्हणाले.

शुक्रवारी दुपारी मैदान पुरं झालं, अंड्यांभोवतीचा एक वाटोळा तुकडा सोडून. कंपनीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

आता नवा स्विच आलाय. समोर फळीवर पाकिटात पडलाय, पन्नास किलोचा. उद्या मिस्त्री मला काढतील. वाईट वाटतंय. खोटं मला कधी जमलं नाही, आता कशाला बोलू?

बाबा रे, तुला एवढंच सांगतो. काकूंवर लक्ष ठेव, त्या काकांना पन्नासच्याही खाली आणतील. काका बसले की लगेच "आहेत" म्हण, त्यांना ताटकळत ठेवू नकोस. आणि ते सीटवर नसले की, कितीही जिवावर आलं तरी, "नाहीत" म्हण.