तुतीच्या खोडावरचा पूल

मी एक जुनी डहाळी आहे. पण मित्रांनो, मला शोधायला मान वर करू नका. खाली पाहा. जमिनीपासून हातभर उंचीवर, तुतीच्या खोडाला चिकटलेली जी मनगटाएवढी जाड, गाठाळ काठी दिसते ना, ती मी. डहाळीचे इतक्या खाली काय काम, असे तुम्हाला वाटेल. मलाही सुरुवातीला तसेच वाटायचे.

माझा जन्म शेंड्याला झाला. तिथे विभाजी ऊती असते, म्हणजे अशा पेशींची वसाहत जिला एकाच गोष्टीचे वेड: एकीच्या दोन व्हायचे, दोघींच्या चार. झोपेत वाढावे तशी मी वाढले. मग काही पेशींनी वाटून कामे घेतली आणि त्यांच्या स्थायी ऊती झाल्या. कोणी मऊ राहून साठवण करू लागल्या, कोणी कडक होऊन मला ताठ धरू लागल्या. आत दोन वाटा तयार झाल्या. जलवाहिन्यांतून मुळांकडचे गार पाणी वर यायचे, आणि सालीतल्या रसवाहिन्यांतून पानांनी उन्हात केलेले गोड अन्न खाली जायचे. अंगातून दिवसभर ही ये-जा चाले आणि मी वाऱ्यावर डुलत स्वप्न पाही, की एक दिवस मी मोठी फांदी होईन आणि तुतीची काळीभोर फळे माझ्या अंगाखांद्यावर खेळतील.

हे घर वायरमनकाकांचे. लेक झाली त्या वर्षी त्यांनी तुतीचे रोप लावले. लेकीला सगळे ठमी म्हणत. रोप वाऱ्याने पडू नये म्हणून काकांनी ते खुंटाला तारेने बांधले, पक्कडीने पीळ देऊन, अगदी पक्के. मायेनेच बांधले हो! पण सोडायचे राहून गेले. खुंट कुजला, खोड जाड झाले आणि तार सालीत रुतत गेली. आतले लाकूड शाबूत होते, म्हणून पाणी चढत राहिले आणि पाने हिरवी दिसत राहिली. अन्न मात्र तारेपाशीच अडायचे. तारेच्या वर खोड सुजले, खाली मुळे उपाशी. उपाशी मुळांनी तरी किती दिवस पाणी पाठवायचे? एका वर्षी पाने वेळेआधीच पिवळी पडली.

तोवर ठमी मोठी झाली होती. तिला दूरच्या गावी नोकरी लागली होती आणि काकांच्या जिवाला घोर लागला होता.

"झाड असं मरायला टेकलंय आणि तू निघालीस?" ते म्हणाले. "हे जगतंय का ते कळू दे. मग बघू तुझ्या जाण्याचं."

ठमीने वाद घातला नाही. ती सरळ रोपवाटिकेतल्या मावशींना घेऊन आली. मावशींनी वाकून खोड पाहिले.

"हा पराक्रम कुणाचा?"

"माझाच," काका म्हणाले. "पडू नये म्हणून बांधलं होतं."

"बांधलंत ते बरं केलंत. सैल करायला कोण येणार होतं?"

काका घरात गेले. त्यांनी पक्कड आणून तार कापली, पण तिथली साल आता मेली होती. मग मावशींनी शेंड्यावरून आम्हा तिघी बहिणींना कापले. दोन्ही टोके तासून जखमेच्या खाली आणि वर सालीखाली सरकवायची, असा अन्न खाली उतरायचा तो पूल होता. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक पातळ, ओला थर असतो. तीही विभाजी ऊतीच. खोडाचा नि माझा थर भिडला, तरच जोड जमतो. एक डहाळी काकांनी हौसेने स्वतः बसवली.

"अहो, उलटी लावलीत!"

"वायरला कुठं उलटंसुलटं असतं?"

"वायरला नसेल. डहाळीचा शेंडा वरच लागतो."

ठमी किती दिवसांनी हसली!

शेवटी मावशींनी जोडांवर मेण लावले आणि अंगठ्याने माझे सगळे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, खुडल्या. "हिला फुटू द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "हिनं आता फक्त पोचवायचं." मित्रांनो, मला फार वाईट वाटले. माझे सारे स्वप्न त्या डोळ्यांत होते.

मग मी अर्धवट गुंगीत पडून राहिले, ना जिवंत ना वाळलेली. काका रोज सकाळी चहाचा कप घेऊन शेजारी बसत आणि माझ्यावर हलकेच बोट ठेवून पाहत. एक बहीण वाळली. आणि एके दुपारी माझ्या वरच्या टोकातून काहीतरी गोड आत आले. साऱ्या झाडावरचे ऊन त्यात होते. मी ते खाली जाऊ दिले. खाली अंधारात मुळे जागी झाली.

पुढच्या वसंतात झाड हिरवेगार झाले आणि ठमी निघाली. फाटकापाशी काकांनी तिचे मनगट घट्ट धरले.

"आठवडाभर थांब ना अजून."

"बाबा..."

त्यांची नजर माझ्यावर पडली.  मग एकेक बोट सुटत गेले.

"जा," ते म्हणाले. "पोचलीस की कळव."

मित्रांनो, कोवळ्या रोपाला आधार जरूर बांधा. पण दरवर्षी जाऊन तेवढी गाठ सैल करा. विसराल, तर सगळ्याच झाडांच्या नशिबी मावशी नसतात.

मी कधी फुलले नाही. पण ठमी सुट्टीत येते, पोटभर तुती खाते आणि जांभळी बोटे माझ्याच सालीला पुसते.