दिल्ली ते सोलापूर, दोन तास

ऐक की वैजू, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. मंगळवारी पहाटे आमचे दोड्डप्पा गेले. म्हणजे माझे थोरले काका गं, गुरुचे वडील. आणि गुरु नोकरीला दिल्लीत. आमच्या घरात कसं, दिवस मावळायच्या आत माती द्यायची. मावळल्यावर न्हाय म्हणजे न्हाय.

शुक्रवार पेठेतलं घर माणसांनी भरलेलं. आमच्या रीतीनं दोड्डप्पांना मांडी घालून भिंतीला टेकवून बसवलेलं, गळ्यात हार. रुद्रप्पा आज्जा, घरातले सगळ्यात मोठे, मला म्हणाले, "पोरी, फोनमधे बघ, गुरुला यायला किती वेळ?" मी टाकलं, दिल्ली ते सोलापूर. लगेच आलं बे! सव्वाबाराशे किलोमीटर, विमानानं दोन तास. मी ओरडूनच सांगितलं. तो अकराच्या विमानात बसणार होता, म्हणजे एकला हितं! होटगी रोडला विमानतळ हाय की आता. आज्जांनी सगळ्यांना सांगून टाकलं, दोनला उचलायचं.

दीडला गुरुचा फोन. "अक्षू, उतरलो. टॅक्सी बघतोय."

म्हटलं, "टॅक्सी कशाला, रिक्षा कर की."

"येडी का गं? पुण्यात हाय मी. आज थेट सोलापूरला विमान कुठलं?"

परत बघितलं तर खाली बारीक अक्षरात, सरळ रेषेतलं अंतर, वेळ अंदाजे. विमान हाय का न्हाय, ते त्यात न्हवतंच!

आज्जांना सांगितलं. होटगीची आत्या लगेच, "विचारा अजून शिकलेल्या पोरींना!" आज्जा एवढंच म्हणाले, "सहापर्यंत. पुढं एक मिनिट न्हाय." आणि दोड्डव्वा, गुरुची आई, रडत पण न्हवती गं. नुसती दाराकडं बघायची आणि म्हणायची, "पोराला तोंड बघू दे."

पुण्यावरनं अडीचशे किलोमीटर. मी सारखी फोन करतीय. भिगवण. इंदापूर. टेंभुर्णीला उसाचा ट्रॅक्टर उलटलेला, पाऊण तास तितंच. पावणेसहाला म्हणतो, "मोहोळ सोडलं." म्हणजे अजून चाळीस मिनिटं तरी. मग एकदम रडायलाच लागला, "आज्जांना सांग, उचला. माझ्यापायी थांबू नका."

फोन ठेवून वळले, तर आज्जा पाठीमागंच. "कुठवर आलाय?" दोड्डव्वा माझ्याकडं बघतीय. आणि माझ्या तोंडून गेलं, "गावाच्या तोंडाशी, बाळ्यात शिरलाय, आज्जा. दहा मिनिटं."

थांबले की सगळे! दहाची वीस झाली, तरी आता आलाच म्हणून कुणी उचलंना. गल्लीतले दिवे लागले. आत्या म्हणती, "बाळे काय पुण्याला सरकलं का गं?" मी दारात, नखं खात. साडेसहाला गाडी आली. गुरु बुटासकट आत पळाला आणि बापाच्या मांडीवर डोकंच टाकलं. तेव्हा कुठं दोड्डव्वा रडली.

बॅटऱ्यांच्या उजेडात माती दिली. घरी आल्यावर गुरु आज्जांना हळूच म्हणतो, "मी मोहोळवरनं अक्षूला सांगितलेलं, उचला म्हणून. तरी थांबलात."

आज्जांनी माझ्याकडं बघितलं. कायच बोलले न्हाईत. आज चौथा दिवस, अजून न्हाईत. चहा नेला तर तितं ठेव म्हणून बोटानं दाखवतात. आत्या घरभर सांगतीय, दिवस मावळल्यावर माती दिली, आता बघा काय काय होतंय ते. मला झोप न्हाय बे. मी मुद्दाम खोटं सांगितलं, ते फक्त आज्जांना ठाऊक.

सांग की वैजू. दोड्डव्वा तशी बघत असताना तू काय म्हटलं असतंस?