फाउंड्री संघाचा नंबर

फारूक पिंपरीतल्या एका गिअरच्या कारखान्यात तपासणी खात्यात होता. आठवडाभर तो गेज लावून माल पास-नापास करायचा आणि रविवारी कबड्डीच्या मैदानाकडेला वही घेऊन बसायचा. कुणी किती चढाया केल्या, किती गडी बाद केले, किती वेळा पकडला गेला, सगळं लिहायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आवड म्हणून करायचा.

ते १९७६ साल होतं. त्या औद्योगिक पट्ट्यातल्या दहा कंपन्यांनी खेळाडूंना खेळासाठीच नोकरीला लावून संघ उभे केले होते. दर वर्षी कामगार कबड्डी मंडळ या संघांची क्रमवारी लावायचं आणि पहिले दोन सोलापूरच्या मोठ्या स्पर्धेला जायचे. शिफ्टच्या अडचणीमुळे सगळे संघ एकमेकांशी खेळत नसत, त्यामुळे नुसत्या विजयांवरून काही ठरत नसे. ठरवायचे नानासाहेब. चिंचवड गावठाणातले, एके काळचे पट्टीचे खेळाडू. ते म्हणतील तो पहिला.

त्या वर्षी फारूक वही घेऊन मंडळाच्या बैठकीला गेला.

"शंभर चढायांमागे किती गडी बाद होतात, ते काढलंय मी," तो म्हणाला. "भोसरीचा फाउंड्री संघ पहिला येतोय. तुम्ही त्याला सहावा धरलाय."

नानासाहेबांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "फाउंड्रीचा मेन चढाईवाला कोन?"

"रहिमान."

"तुमचा कोन लागतो त्यो?"

"बायकोचा भाऊ," फारूक म्हणाला.

"व्हय ना? मग झालं तर."

फारूकने वही मिटली. "आणि तुम्ही पहिला धरलेल्या संघाचा कॅप्टन हिंदुराव तुमचा सख्खा पुतण्या, ते?"

"मी चाळीस वर्सं खेळ बघतोय, फारूकभाई. मला आकडं लागत न्हाईत."

यादी पंधरा दिवसांनी ठरवायची असं म्हणून बैठक मोडली. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या कँटीनमध्ये फारूक बसला तसे दोघे उठून दुसऱ्या टेबलावर गेले. एकाने जाता जाता विचारलं, "काय राव, गेजपण सोयरा बघूनच लावता का?"

पुढच्या रविवारी फाउंड्रीचा सामना होता. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला फारूकला भैरू दिसला, नानासाहेब ज्या कंपनीत होते तिथला गेटवरचा रखवालदार. त्याला कबड्डीचं कधीच वेड नव्हतं. रहिमान चढाईला निघाला, की भैरूचा हात एका खिशातून दुसऱ्या खिशात जायचा.

सामना संपताच फारूकने त्याला गाठलं. "भैरू, खिशात काय आहे?"

भैरू ओशाळला. त्याने मूठ उघडली. चिंचोके होते. "मला लिवता येत न्हाई. नानांनी सांगितलं, रहिमानच्या चढाया तेवढ्या मोज."

"म्हणजे माझ्यावर पाळत?"

"मला काय म्हाईत? मी मोजलं. एकोणीस भरल्या."

फारूकच्या वहीत चौदा होत्या. त्याने भैरूला परत मोजायला लावलं. एकोणीसच.

घरी आल्यावर तो चडफडत राहिला. नानासाहेबांनी आकडा आधीच पढवून पाठवला असणार. त्याने बायकोला, रोशनबीला, सगळं सांगितलं. तिने भाकरी उलटली आणि विचारलं, "अहो, तुमचंच चुकलं असेल तर?"

"तुझ्या भावाची बाजू घेतोय आणि तूच असं बोलतेस?"

"बाजू घेताय ना," ती म्हणाली. "म्हणूनच विचारलं."

त्याला राग आला. पण त्या वाक्याने त्याचा पिच्छा सोडला नाही. पुढच्या सामन्याला तो स्वतःच मूठभर चिंचोके घेऊन बसला. डाव्या हाताने चिंचोका टाकायचा, उजव्याने वहीत रेघ ओढायची. हिंदुरावच्या संघाचा सामना आधी झाला, तेव्हा चिंचोके आणि रेघा बरोबर जुळल्या. मग फाउंड्री उतरली. तिसऱ्या चढाईला रहिमान आत गेला, समोरचे चवताळून पुढे आले तसा निदान रेषा, जी ओलांडली की चढाई धरतात, ती ओलांडून लगेच माघारी वळला. फारूकच्या डाव्या हाताने चिंचोका टाकला. पेन्सिल हललीच नाही.

तो पेन्सिलकडे बघत राहिला. असली रिकामी चढाई दुसऱ्या कुणी केली, की तो इमानाने लिहायचा. रहिमानने केली, की मनातल्या मनात म्हणायचा, 'ही काय चढाई? नुसता अंदाज घेत होता.' वर्षभर तो असंच करत आला होता आणि त्याला पत्ता नव्हता. चढाया कमी लिहिल्या, की गड्यांचं प्रमाण आपोआप वाढतं. मागच्या सामन्यांच्या खऱ्या चढाया आता कुठून आणायच्या?

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टनंतर तो चिंचवडला नानासाहेबांच्या घरी गेला आणि ओसरीवर उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "फाउंड्रीचा माझा आकडा धरू नका. माझ्या हातून बरोबर लिहिलं गेलं नाही."

नानासाहेबांनी डोळे बारीक केले. "ह्यात काय डाव हाय?"

"डाव नाही."

"सोताहून कोन असं सांगतं का?"

"नका विश्वास ठेवू. पण बाकीच्या नऊ संघांचे आकडे खरे आहेत. भैरूला बसवून एकदा ताडून बघा. दसऱ्यापासून हिंदुराव आधीच्या निम्मेसुद्धा गडी बाद करत नाही."

आत हिंदुराव हसल्याचा आवाज आला, तसे नानासाहेब उठले आणि दार ओढून घेतलं. "गुडघा गेलाय पोराचा," ते हळू आवाजात म्हणाले. "कंपनीला कळलं तर संघातून काढत्याल. मला ठावं हाय. बघनाऱ्याला दिसतंच की."

यादी लागली. या वेळी नानासाहेबांनी नऊ संघांसाठी फारूकची वही धरली आणि फाउंड्री आपल्या नजरेने लावली. फाउंड्री तिसरी, हिंदुरावचा संघ चौथा. सोलापूरला भलतेच दोन संघ गेले. मग दोन्हीकडचे लोक बोलू लागले, की या दोघांनी बंद दाराआड काहीतरी ठरवलं. नानासाहेबांच्या भावाने, हिंदुरावच्या बापाने, त्यांच्याशी बोलणं टाकलं. रहिमान तर फारूकच्या दारात उभा राहून ओरडला, "दुल्हेभाई, परक्याने केलं असतं तर समजून घेतलं असतं!" आणि निघून गेला.

तीन महिने तो आला नाही. बकरी ईदलाही त्याने कुर्बानीचा वाटा दुसऱ्याच्या हाती पाठवला. ताट वाढताना रोशनबीची नजर दाराकडे जायची. फारूक रविवारी मैदानावर जातच होता. आता कुणी जवळ बसत नसे. फक्त समोरच्या बाजूला नानासाहेब दिसायचे, त्याच्या हाताकडे बघत.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी रहिमान आला. दारातच चपला काढून उभा राहिला. बहिणीकडे बघून हसला नाही, फारूककडेही नाही.

"वही आहे का?" त्याने विचारलं.

"का?"

"मी पकडला जातो तो बहुतेक कुठल्या कोपऱ्यात, ते लिहिलंय का तुम्ही?"

फारूकने त्याच्याकडे नीट पाहिलं. हा खरंच विचारतोय, की आपल्याला आणखी कशात पकडायला आलाय, ते त्याला कळेना. तरी त्याने वही काढली, पानं चाळली.

"उजव्या," तो म्हणाला. "तेवीसपैकी सतरा वेळा. पकडी लिहिताना मी चुकलो नाही."

रहिमानने पानावरच्या त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग बहिणीला म्हणाला, "आपा, चहा टाक."